पाच अँपियर

गहिनीनाथनं अ‍ॅडॉप्टर उलटा धरला,
चष्मा कपाळावर सरकवला
आणि माझ्याच दुकानात मलाच वाचून दाखवलं:
"बारा व्होल्ट, पाच अँपियर.
ताई, माझ्या जुन्यावर एकच लिवला होता.
एकाच्या जागी पाच घातले
तर काटा जळंल की माझा."

भूमच्या स्टँडमागं दुकान.
पाटी अजून अब्बांच्या नावाची,
त्यातला 'रेडिओ' शब्द उन्हानं निम्मा खाल्लेला.
बाहेर बार्शीची गाडी घुरघुरत उभी,
ह्याच्या सदऱ्याला आटलेल्या दुधाचा वास,
आणि एक अँपियरचा अ‍ॅडॉप्टर
खरंच माझ्याकडं शिल्लक नव्हता.

म्हणलं, मालक, तुमची कढई केवढ्याची?
"चाळीस लिटरची."
आणि शाळेतल्या बाई येतात, त्या किती खवा नेतात?
"पावशेर. तेबी सणाला."
मग कढई मोठी आहे म्हणून
बाईंच्या डब्यात आठ किलो कोंबता का?

तो हसला नाही. हिशोब लावत राहिला.

पाच म्हणजे ह्याच्या घरात पाचपर्यंत आहे.
मागणारा तुमचा काटा.
तो मागेल तेवढंच हा देणार,
उरलेलं ह्याच्याजवळच.

मधे मीटर लावला, काट्यावर किलोचं माप ठेवलं.
शून्य पॉइंट एक आठ.
त्यानं तो आकडा तिरप्या मानेनं पाहिला,
जसं कंडक्टरनं जास्तीचे सुटे परत द्यावेत.
दीडशे मोजले आणि गेला.

उलटं झालं असतं तर मी दिलाच नसता.
चौदा वर्षांची असताना मी दिला होता,
दोन अँपियर ओढणाऱ्या स्पीकरला
अर्ध्याचा, पिन बसली म्हणून.
दोन गाणी नीट वाजली.
तिसऱ्याला प्लास्टिक मऊ पडलं.
अब्बा ओरडले नाहीत.
त्यांनी तो तसाच गरम माझ्या तळव्यावर ठेवला
आणि म्हणाले, आता वाच.

पंधरा दिवसांनी गहिनीनाथ पुन्हा,
पोत्यात गुंडाळलेला काटा घेऊन.
तुमच्या अ‍ॅडॉप्टरची वायर उंदरानं खाल्ली, म्हणाला.
भाच्याचा लॅपटॉपचा चार्जर होता घरात.
अँपियर साडेतीनच, म्हणजे पाचापेक्षा कमीच,
वर पिनबी बसली.
"मागंल तेवढंच घेतो, तुम्हीच म्हणला होता."

चार्जर पाहिला. एकोणीस व्होल्ट.
काटा उघडला.
कपॅसिटरची टोपी फाटलेली,
आतलं पिवळं पाणी पट्टीवर सांडून वाळलेलं,
आणि त्याच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात,
सोळा.

रागवायला तोंड उघडलं
आणि तसंच मिटलं.
कढईचं सांगितलं होतं मी,
जाळाचं राहिलं होतं.

बसा, म्हणलं.
व्होल्ट म्हणजे जाळ.
कढई कितीबी मोठी चालते. जाळ वाढवला तर?
"बुडाला लागतो," तो लगेच म्हणाला.
मग दुकानात नुसता पंखा फिरत राहिला.
"ताई, हे आधी सांगायचं व्हतं."
हो.

चार रुपयांचा कपॅसिटर, रेग्युलेटर वीसचा.
पैसे घेतले नाहीत, तो हट्टाला पेटला तरी.
डागणीचा धूर वर गेला,
आकडे लागले: लाल, थरथरते, मग स्थिर.
त्यानं पिशवीतून पुडा काढून ठेवला.
पाचशे दहा.
"वरचे दहा कागदाचे," म्हणाला,
आणि पुडा माझ्याकडं सरकवला.

जाताना मार्कर मागितला.
काटा पालथा करून, जीभ दातात धरून,
मोठ्या अक्षरात लिहिलं,
कंपनीच्या लेबलावरच,
जाळ १२.